पाण्याच्या दोन पायऱ्या

नईम सर सकाळी लॅबमध्ये आले की आधी नळाकडं जायचे. लातूरच्या नळाला तेव्हा आठ-आठ, दहा-दहा दिवस पाणी नसायचं, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी तोटी उघडायचे आणि खाली तळहात धरायचे. एखादा थेंब पडला तर तो तसाच हातावर धरून उभे राहायचे. मग माझ्याकडं बघून म्हणायचे, "बघू या नामदेवराव. पाण्याला विचारू."

कुठलीही अडचण आली की त्यांचं हेच. प्राचार्य ओरडले, पाण्याला विचारू. पोरांनी मीटर जाळलं, पाण्याला विचारू. मी एकदा चिडून म्हणलो, "सर, ते काही बोलत न्हाई." तर म्हणाले, "बोलतं. आपल्यालाच फुरसत न्हाई."

मी त्या कॉलेजात लॅब अटेंडंट होतो. शिक्षण दुसरी. आकडे येतात, अक्षरं जुळवून लिहिता-वाचता येतात, तेवढ्यावर नोकरी निघाली. माझी बायको कौसल्या दोन महिन्यांमागं गेली. जाताना एक काम सांगून गेली आणि ते काम नईम सरांचं होतं. मी ते केलं, पण लई उशिरा केलं. म्हणून हे लिहायला बसलो. मला गोड लिहिता येत न्हाई.

सर मूळचे नांदेडचे. घरचं अत्तराचं दुकान, आजोबांपासूनचं. थोरला भाऊ दुकानात बसायचा आणि हे फिजिक्स शिकून आमच्याकडं लातुरात लागले. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि कानात अत्तराचा फाया. लॅबमधल्या काचेच्या भांड्यांना खसाचा वास यायचा. तपासलेल्या पेपरांनाही यायचा. पोरं म्हणायची, नापास झालो तरी घरात वास चांगला येतो.

मला त्यांनी कधी नुसतं नावानं हाक मारली न्हाई. नामदेवराव. एवढ्या मोठ्या कॉलेजात मला राव म्हणणारे ते एकटेच. बाकीच्यांचं, "ए नाम्या, फॅन लाव."

भूकंप झाला तेव्हा लॅबमधली अर्धी काच खाली आली होती. सगळे भिंतीच्या चिरा बघत होते आणि सर खाली बसून काचांचे तुकडे वेचत होते. ते तुकडे त्यांनी दिव्यावर तापवून ओढले. ओढून ओढून केसासारख्या नळ्या केल्या. टाकायला जीव होत न्हाई, म्हणाले. पुढं त्याच नळ्या कामी आल्या.

त्या दिवसांत आम्ही कॉलेजच्या गाडीतून पडलेल्या गावांना कपडे-भांडी द्यायला जायचो. एका गावात एक विहीर होती, भूकंपाच्या आधी भरलेली. ती ठणठणीत कोरडी झाली होती. आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर दुसरी, वर्षानुवर्षं आटलेली, ती काठोकाठ भरून आली होती. एका म्हातारीनं सरांना हाताला धरून कोरड्या विहिरीपाशी नेलं. तिचं घर पडलं होतं, माणसं गेली होती. त्यातलं काही बोलली न्हाई. एवढंच म्हणाली, "मास्तर, तुम्ही शिकलेले. आमचं पाणी कुठं गेलं वो?"

सर वाकून बघत राहिले.  येताना गाडी लातूरजवळ आल्यावर म्हणाले, "नामदेवराव, इतकं शिकलो आणि एका बाईला तिचं पाणी कुठं गेलं ते सांगता आलं न्हाई."

तिथून त्यांना ते वेड लागलं. पाणी खडकाच्या बारीक चिरेतनं जातं. चीर अजून बारीक केली तर? अजून? जिथं पाण्याचा एकेक कण अंग चोरून जाईल इतकी बारीक केली तर? पुस्तकातला हिशेब तिथं चालत न्हाई, असं त्यांचं म्हणणं.

मला ते बस स्टँडवर समजावलं. आम्ही अहमदपूरच्या गाडीला थांबलो होतो. गाडी लागली आणि दारात ही गर्दी. सर म्हणाले, "बघा. दारातनं एका वेळी एकच माणूस चढतो. आता दार चार बोटं रुंद केलं, तर दीड माणूस चढंल का?"

"न्हाई. एकच."

"अजून चार बोटं?"

"तरी एकच."

"आणि दोघं मावतील एवढं केलं तर?"

"मग दोघं."

"एकदम दोघं! मधलं काही न्हाई. हीच पायरी. मोठ्या नळातनं पाणी उतारावरनं आल्यासारखं वाढतं, जरा रुंद केला की जरा जास्त. पण कणाच्या मापाचं भोक असलं तर पाणी पायऱ्यांनी वाढंल. एक, मग थांब. दोन, मग थांब. अणूच्या पोटात असंच चालतं, त्याला क्वांटम म्हणतात. पाणी काही क्वांटम न्हाई. पण इतक्या अडचणीच्या जागेत ते क्वांटमसारखं वागंल, असं मला वाटतं."

"वाटून काय होतंय सर?"

"म्हणून तर पाण्याला विचारायचं."

तेवढ्यात गाडी निघून गेली. आम्ही दोघंही खालीच.

मुंबईला एका मोठ्या संस्थेत त्यांचा जुना दोस्त होता. त्यानं प्लास्टिकचे पातळ कागद पाठवले, कांद्याच्या सालीसारखे. त्यातनं कसले तरी किरण आरपार गेलेले. दिसायला एक भोक न्हाई. पण कागद गरम कॉस्टिक सोड्यात ठेवला की किरण गेलेल्या जागी भोकं उघडतात. जितका वेळ ठेवाल तितकी रुंद. भिंगातनंही दिसणार न्हाईत इतकी बारीक.

सरांनी तो कागद दोन काचांच्या मध्ये बसवला. वर पाण्याचं भांडं, खाली ती केसासारखी नळी आडवी. नळीच्या मागं कागदाची पट्टी चिकटवलेली. दिवसभरात पाणी नळीत जेवढं सरकंल तेवढ्यावर पट्टीवर, आदल्या दिवसाच्या खुणेखाली, पेन्सिलीची खूण. रोज दहाच्या घंटेला खूण, मग कागद मोजून तेवढीच मिनिटं सोड्यात, धुवायचा, पुन्हा बसवायचा. दुसऱ्या दिवशी भोकं थोडी रुंद झालेली. पाणी किती जास्त सरकलं? एवढंच काम. पण रोज, न चुकता.

स्टाफरूममध्ये त्याला सरांचं लोणचं म्हणायचे. "काय नाम्या, मुरलं का लोणचं?" मी म्हणायचो, मुरतंय. केमिस्ट्रीचे एक सर तर म्हणाले, "अरे, लातुरात घागरीनं पाणी मिळंना आणि ह्यांचं थेंबाथेंबानं गळतंय." सगळे हसले. नईम सरही हसले. खोटं न्हाई, मनापासून हसले.

काम निम्म्यावर आलं आणि नांदेडहून सांगावा आला की अम्मीची तब्येत बिघडली. सरांनी मला दोन गोष्टी तीन-तीनदा सांगितल्या. एक, सोड्यातली मिनिटं चुकवायची न्हाईत. दुसरी, भांड्यातलं पाणी वरच्या रेघेच्या खाली जाऊ द्यायचं न्हाई. खाली गेलं की हवा शिरली, हवा शिरली की कागद मेला. "तुमच्यावर आहे," म्हणाले आणि गेले. अकरा दिवस आले न्हाईत.

डिस्टिल पाण्याचे दोन कॅन होते. रोजच्या धुण्यातच ते सरत आले. नवं करावं तर डिस्टिलच्या भांड्याला थंड करायला वाहतं पाणी लागतं, आणि नळ कोरडा. मी बाजारात गेलो. बॅटरीवाल्याकडंही नव्हतं. भांड्यातलं पाणी रेघेपाशी आलं.

घरी येऊन कौसल्येला सांगितलं. ती म्हणली, "अवो, त्यात काय? मी देते की चांगलं पाणी." तिनं घरात भरून ठेवलेलं नळाचं पाणी उकळलं. लुगड्याच्या धुतलेल्या फडक्याची चार पदरी घडी केली आणि त्यातनं गाळलं. निवू दिलं. वरचं वरचं काढून घेऊन पुन्हा गाळलं. देवपूजेचा तांब्या चिंचेनं घासून लख्ख केला आणि त्यात भरून दिलं. आमच्या घरात त्याच्याहून चांगलं पाणी नव्हतं. लेकरू आजारी असलं की असंच पाणी करायची ती. मी ते नेलं आणि सरांच्या भांड्यात ओतलं. रेघेच्या वर दोन बोटं.

कॅनमधलं पाणी आणि तांब्यातलं पाणी ह्यात फरक असतो हे मला ठाऊक नव्हतं असं न्हाई. वीस वर्षं लॅबमध्ये घालवली होती. पण रेघ दिसत होती आणि तुमच्यावर आहे म्हणलेलं कानात होतं. चांगल्या पाण्यानं काय बिघडणार, असं वाटलं.

सर परत आले ते अम्मीला माती देऊन. दाढी वाढलेली. मी काही बोलायच्या आत पट्टीपाशी गेले आणि वाकले. लई वेळ वाकून राहिले. मला वाटलं रडतायत. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा मी आधी कधी बघितला नव्हता असा.

"नामदेवराव, हे बघा. इथं चार दिवस एकाच जागी खुणा. मग एकदम उडी. पुन्हा तीन दिवस एकाच जागी. पुन्हा उडी. दोन पायऱ्या! पाणी बोललं हो!"

मला मिठी मारली. अम्मी गेल्याला पाच दिवस झालेला माणूस. त्या माणसाला मी तिथंच सांगायचं की सर, त्यात तांब्याभर पाणी आमच्या घरचं आहे?  उद्या सांगू म्हणलं.

कौसल्येनं त्याच संध्याकाळी विचारलं, "सांगितलं का सरांला?"

"सांगतो."

"तो माणूस तुमाला राव म्हणतो. सांगून टाका. न्हाईतर मी सांगते."

"तू गप बस. तुला काय कळतंय त्यातलं?"

हे मी म्हणलो. तिला. नंतरही म्हणत राहिलो, कितीदा त्याचा हिशेब न्हाई. तिला सगळं नळाच्या दिवसांवरनं पाठ असायचं. लेकीचा दात नळ आला त्या दिवशी पडला, मामा वारला तेव्हा नळ जाऊन सहा दिवस झाले होते, असं. नळाच्या दिवशी दाराच्या मागं गेरूची रेघ ओढायची. ती सांगायला लागायची, "मी तांब्या दिला तो दिवस मला चांगला ध्यानात हाय, नळ आला त्याच्या..." आणि मी म्हणायचो, पुरे. मी एकदाही पुढचं ऐकलं न्हाई.

मग सर ती पट्टी, कागद, नळी सगळं खोक्यात घालून नांदेडला विद्यापीठात गेले, एका मोठ्या प्राध्यापकांकडं. मला संगं घेतलं. खोकं माझ्या मांडीवर. त्या प्राध्यापकांनी पट्टी उजेडाला धरून बघितली. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "नईम, तुझी भोकं पायऱ्या दिसण्याइतकी बारीक असतील असं मला वाटत नाही. हे असं पाण्यातल्या क्षारानंही होतं. भोक बुजतं, मग धुतलं की मोकळं होतं. पाणी कोणतं होतं?"

सर म्हणाले, "डिस्टिल. मी नव्हतो तेव्हा नामदेवरावांनी स्वतः भरलंय. माझ्यापेक्षा त्यांच्यावर जास्त भरोसा आहे माझा."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी खोक्याच्या सुतळीची गाठ बघत होतो. हो म्हणून मान हलवली. कशाला हलवली ते मला आजही सांगता येणार न्हाई.

प्राध्यापक म्हणाले, "मग पुन्हा करून दाखव. दोनदा आलं तर मी तुझ्या बाजूनं उभा राहीन."

पुन्हा करायला कागद नव्हता. मुंबईचा दोस्त तोवर हार्ट अटॅकनं गेला होता. त्याच्या जागी आलेल्यानं पत्राचं उत्तर दिलं न्हाई. पुढच्या वर्षी लॅबची ती खोली कॉलेजनं प्रवेश परीक्षेच्या जादा तुकडीला दिली. लातूरभर तेच चाललं होतं. गल्लीगल्लीत क्लासचे बोर्ड, गच्चीवर पत्रे टाकून वर्ग, गावोगावची पोरं ट्रंका घेऊन उतरलेली. आमचं खोकं जिन्याखाली गेलं. पट्टी तेवढी सरांनी सोडवून घेतली, गोल गुंडाळली आणि काचेच्या नळीत घालून बूच लावलं.

सरांचाच एक विद्यार्थी, शिरूर अनंतपाळकडचा, सुनील नावाचा, त्यानं चार मजली क्लास काढला होता. सर रिटायर झाले तसा तो पाया पडून मागंच लागला. सर म्हणाले, नामदेवराव येणार असतील तर मी येतो. असा मी तिथं दारावर लागलो.

सुनील भला होता, पण स्पष्ट बोलायचा. "सर, पाणी कसं वाहतं ते नका सांगू. उत्तर कसं येतं तेवढं सांगा. पोरांना वेळ न्हाई."

"आणि उत्तर का येतं?"

"ते पास झाल्यावर बघतील की सर."

सर तेच शिकवायला लागले. तीनशे पोरं, गळ्यात माईक. नळीतनं वाहणाऱ्या पाण्याचा धडा आला की मी दाराच्या काचेतनं बघायचो. "भोक दुप्पट केलं तर पाणी किती पट?" पोरं ओरडायची, "सोळा!" आणि सर थांबायचे. खडू हातात तसाच. त्यांच्या तोंडावर काहीतरी यायचं आणि तिथंच जिरायचं. मग म्हणायचे, "बरोबर. पुढचं." दरवर्षी तिथंच थांबायचे. मी दरवर्षी दाराबाहेर उभा. आत जाऊन काय सांगणार होतो?

एकदा मधल्या सुट्टीत चहा घेताना म्हणाले, "नामदेवराव, माझंच काहीतरी चुकलं असंल. सोड्याची मिनिटं किंवा नळीचं माप. रोज मनातल्या मनात तपासतो. सापडत न्हाई." मी कपाकडं बघत राहिलो. ते स्वतःच्या हातात चूक शोधत होते.

डोळ्यांत मोतीबिंदू झाला तसं सरांनी शिकवणं सोडलं आणि ते नांदेडला भावाच्या दुकानात जाऊन बसले. मीही घरी बसलो.

कौसल्या उन्हाळ्यात पडली. पोटाचं दुखणं होतं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. शेवटचे दिवस पाणी चमच्यानं पाजायचो. एक दिवस चमचा बाजूला सारून म्हणली, "सरांला जाऊन सांगा. मला वचन द्या." दिलं. तांब्या दिला तो दिवस ती तेव्हा सांगणार होती का, काय माहीत. मी विचारायला पाहिजे होतं. माझ्या डोक्यात आलंच न्हाई.

तेरावं झालं आणि मी नांदेडच्या गाडीत बसलो.

दुकान जुन्या भागात, नदीच्या अंगाला. भाऊ जेवायला गेला होता. सर गल्ल्यामागं बसून नळीनं कुपीत अत्तर सोडत होते, थेंब थेंब, नजर पार जवळ नेऊन. आवाजावरनं ओळखलं. "नामदेवराव! अरे या या! बसा!" चहा मागवला. मी बसलो न्हाई. बसलो असतो तर पुन्हा राहिलं असतं.

उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कॅन संपला, तांब्या, लुगड्याचं फडकं, चार पदर. विद्यापीठात मान हलवली ते.

 चहा आला, निवला. मी वाट बघत होतो की शिवी देतील, उठून जा म्हणतील. मला ते पाहिजे होतं. त्यांनी खणातनं ती काचेची नळी काढली. बूच उघडून पट्टी बाहेर घेतली, गल्ल्यावर पसरली, चार कोपऱ्यांवर अत्तराच्या चार कुप्या ठेवल्या. कागद पिवळा झालेला. माझ्या पेन्सिलीच्या खुणा अजून होत्या. बोटानं चाचपत म्हणाले, "किती दिवस ओतलं?"

"एकदाच. मग दोन दिवसांनी कॉलेजच्या टाकीत टँकर आला, मी डिस्टिल केलं."

"एकदाच?" त्यांचा आवाजच बदलला. "म्हणजे सगळं खराब न्हाई! नामदेवराव, तुमच्या लक्षात येतंय का? पहिल्या पायरीच्या नंतर ओतलं असंल, तर पहिली पायरी स्वच्छ पाण्याची. खरी! आधी की नंतर? कोणत्या खुणेला? ही? की ही?"

मी पट्टीकडं बघितलं. सर नव्हते त्या दिवसांच्या अकरा खुणा. सगळ्या मीच केलेल्या, सगळ्या सारख्या. डोळे मिटले. तांब्या दिसला, चिंचेनं घासलेला. तिचा हात दिसला. दिवस दिसला न्हाई.

"मला ध्यानात न्हाई, सर."

"आठवा. घाई न्हाई."

"न्हाई येत."

ते एकदम हसले. खुर्चीवरनं अर्धे उठले. "अरे, आपण पण काय! भाभींना ठाऊक असंल! त्यांना तर नळाचे दिवस तोंडपाठ. लावा, फोन लावा भाभींना. मला द्या, मी विचारतो."

त्यांनी हात पुढं केला होता. हातावर अत्तर सांडलेलं. डोळ्यांना माझी टोपी दिसत असंल, चेहरा दिसत नव्हता.

मी म्हणलो, "सर, ती गेली. सोळा दिवस झाले."

हात तसाच राहिला थोडा वेळ. मग तोच हात त्यांनी माझ्या मनगटावर ठेवला.  तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं, त्याला खस पाहिजे होता. सरांनी ऐकलंच न्हाई. ते गिऱ्हाईक जरा थांबून निघून गेलं.

"उकळून गाळलं होतं म्हणता," ते हळू म्हणाले.

"हाव. दोनदा गाळलं. चार पदरी."

"चार पदरी," ते म्हणाले. एवढंच.

निघताना त्यांनी मला कानात घालायला अत्तराचा फाया दिला. मी घातला. चार पावलं जाऊन मागं वळलो. दुकानात ते एकटेच. पट्टी चार कुप्यांखाली तशीच पसरलेली, आणि सर तिच्यावर पार वाकलेले, नाक कागदाला लागंल इतके. हातात पेन्सिल होती. पहिल्या पायरीवर टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. लिहीत काहीच नव्हते.